हुबेहूब

गणपतीच्या मांडवात ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ ऐकत वाढलेल्या माणसाला नकलेचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्या गावात एका हंगामात तीन रफी आणि दोन किशोर येऊन जात. त्यातला एक किशोर दिवसा बँकेत कॅशियर होता आणि त्याने दिलेल्या नोटा लोक न मोजता खिशात घालत, कारण सुराला पक्का माणूस हिशेबाला कच्चा असणार नाही अशी सार्वत्रिक समजूत होती. आवाज कुणाचा आणि माणूस कोण, हे निवेदक आधीच सांगून मोकळा होई, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न नव्हता. ‘अगदी तस्सा!’ ही तिथली सर्वोच्च दाद. ती मिळवायची तर स्वतःचा आवाज घरी ठेवून यावं लागे.

पश्चिमेकडे याच उद्योगाला ट्रिब्यूट बँड म्हणतात आणि तिथे तो फार मन लावून करतात. मूळ बीटल्स १९७० साली फुटले. ‘बूटलेग बीटल्स’ १९८०पासून वाजवताहेत, म्हणजे नकलेने अस्सलाच्या कितीतरी पट संसार केला. ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड’ या मंडळींना तर खुद्द पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्टीत वाजवायला बोलावलं होतं. स्वतःच्या वाढदिवशी स्वतःचीच नक्कल कौतुकाने ऐकणं फक्त फार मोठ्या कलावंताला परवडतं. किंवा पुढाऱ्याला. इंग्लंडात स्टीली डॅनची गाणी वाजवणाऱ्या एका बँडने आपलं नावच ‘निअर्ली डॅन’ ठेवलं आहे. इतकी प्रामाणिक पाटी मी अजून एकाही दुकानावर पाहिलेली नाही.

नक्कल म्हटली की आधी कधीतरी अस्सल घडलेलं असावं, एवढी तरी अट असते. स्टीली डॅनच्या ‘एजा’ या अल्बमच्या बाबतीत नेमकी हीच अट पुरी होत नाही.

स्टीली डॅन म्हणजे मुख्यतः दोन माणसं, डोनल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर. कॉलेजात भेटले, दोघांनाही जॅझचं वेड, दोघेही तिरकस. सुरुवातीला त्यांचा रीतसर बँड होता, गावोगाव दौरे होते. ते सगळं त्यांनी १९७४ साली बंद केलं आणि पुढे जवळजवळ वीस वर्षं दौऱ्याचं नाव काढलं नाही. बँडही विरघळला. उरले हे दोघे, त्यांचा निर्माता गॅरी कॅट्झ, ध्वनिमुद्रक रॉजर निकल्स आणि रेकॉर्ड कंपनीचा पैसा. त्या पैशातून त्यांनी अमेरिकेतले एकाहून एक वादक स्टुडिओत बोलावले, वाजवून घेतले, आभार मानले आणि पुष्कळदा ते वाजवलेलं बाजूला ठेवून दुसऱ्यांना बोलावलं. १९७७च्या सप्टेंबरात ‘एजा’ बाहेर आला. गाणी सात, वेळ चाळीस मिनिटं, आणि वादकांची यादी एखाद्या सुखवस्तू लग्नातल्या वऱ्हाडाएवढी. हे वऱ्हाड एका खोलीत एकत्र कधी जमलंच नाही. ‘पेग’ नावाच्या गाण्यात गिटारचा एक छोटा तुकडा आहे, अर्ध्या मिनिटाचा. त्यासाठी सहा-सात नामांकित गिटारवादक येऊन वाजवून गेले. कुणाचंही या दोघांच्या मनाला येईना. शेवटी जे ग्रेडन नावाचा गृहस्थ आला, तासन्‌तास घासला गेला आणि पास झाला. मुली बघायला जाणारी आमच्याकडची चोखंदळ घराणी या दोघांपुढे उदार म्हणायची.

त्याच गाण्यात चक रेनी बेस गिटार वाजवतो. तारेवर अंगठा आपटून वाजवायची तेव्हा टूम होती, आणि मालकांनी स्पष्ट बजावलं होतं की ते चालणार नाही. रेनीला मात्र गाण्याला तेच हवंय असं वाटत होतं. त्याने काय करावं? मालकांना अंगठा दिसू नये म्हणून पाठ फिरवली आणि हवं ते वाजवलं. मालकांना ते आवडलं. आजही ‘पेग’ ऐकताना मला सर्वांत जास्त आनंद त्या फिरवलेल्या पाठीचा होतो.

हा अल्बम मला ठाऊक झाला तो मावसभावामुळे. मी त्याला दादा म्हणतो. एडिसनला, न्यू जर्सीत, तो इतकी वर्षं राहतोय की आता त्याला पुण्यातली उष्णता ‘फॅरनहाइटमध्ये सांग’ असं म्हणावंसं वाटतं. स्टिरिओचा शौक असलेल्या जगभरच्या माणसांची एक जमात आहे. नवे स्पीकर घ्यायला गेली की ही माणसं दुकानात ‘एजा’ लावायला सांगतात. या अल्बमला ग्रॅमी मिळालं तेही ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीसाठी. दादा त्या जमातीतला. त्याच्या दिवाणखान्यात एक खुर्ची आहे, तिथेच बसून ‘एजा’ ऐकायचा. खुर्चीच्या चारी पायांखाली गालिच्यावर पेनाने खुणा केलेल्या आहेत. वहिनींची काचेची कपाटं आवाज परत फेकतात म्हणून माळ्यावर गेली आणि त्यांच्या जागी फोमच्या गाद्या आल्या. पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, दिवे मंद करायचे आणि मग गाणं चालू असताना आपणच बोलत राहायचं, ही दादाची पद्धत. “आता उजवीकडून झांज येईल. आली? आता बघ डावीकडे, पियानोच्या मागे. ऐकू आलं का?” समोरचा ‘हो’ म्हणेपर्यंत तो रेकॉर्ड मागे घेतो. लोक लवकर ‘हो’ म्हणायला शिकतात.

अशा माणसाने ‘एजा’ वाजवणाऱ्या एका ट्रिब्यूट बँडची तिकिटं काढली, याचं वहिनींना आश्चर्य वाटलं. “अहो, घरी एवढं सगळं केलंय ना? मग तेच तिथे जाऊन कशाला?”

“ते माणसं वाजवणार आहेत,” दादा म्हणाला.

“आणि हे कोण वाजवतं?”

या प्रश्नाचं उत्तर दादाने गाडी चालवताना बराच वेळ दिलं. त्यातूनच मला कळलं की त्या रात्री आम्ही ज्याची नक्कल ऐकायला निघालो होतो, ते त्या काळात रंगमंचावर कुणी वाजवलंच नव्हतं. १९७७ साली ‘एजा’ची मैफल झाली नाही. ऐकायची ती तबकडीच.

थिएटर जुनं होतं, सिनेमाचं असावं. मखमल विरलेली, छताला सोनेरी पालव. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे. पुरुषांचे केस डोक्यावर संपले तरी मागे शेपटीत शिल्लक होते. अंगात त्या अल्बमच्या मुखपृष्ठाचे टीशर्ट: काळ्या अंधारात सायोको यामागुची या जपानी मॉडेलचा अर्धवट दिसणारा चेहरा आणि किमोनोची एक लाल-पांढरी पट्टी. पोटांच्या घेरामुळे ती पट्टी कुठे कुठे मूळ छायाचित्रापेक्षा बरीच रुंद झाली होती. पहिल्या गाण्याचं नाव ‘ब्लॅक काउ’, म्हणून बारमध्ये त्या नावाचं पेयही विकत होते. रूट बिअरमध्ये आइस्क्रीमचा गोळा. वहिनींनी एक घोट घेतला आणि मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमात कुणीतरी आइस्क्रीम घातलंय असं सांगून पेला दादाकडे दिला. दादाने भक्तिभावाने संपवला.

मंचावर डझनभर माणसं आली. वेशभूषा नाही, विग नाहीत. स्टीली डॅनची नक्कल करणाऱ्यांचं हे एक बरं असतं. बीटल्स व्हायचं तर केस लागतात, एल्व्हिस व्हायचं तर कंबर लागते. फेगन-बेकर यांना दिसण्याचं काही कौतुक नव्हतंच. एका बेताच्या उंचीच्या माणसाने काळा चष्मा चढवला आणि कीबोर्डमागे बसून मान तिरकी केली की तो फेगन झाला. बाकी सगळं कानांवर. आणि कान तर या श्रोत्यांचे असे, की बोलायची सोय नाही. चाळीस वर्षं एकच रेकॉर्ड ऐकलेल्या सहाशे माणसांसमोर तीच वाजवायची, याला फार धैर्य लागत असलं पाहिजे. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे परीक्षक आणि बाकावर तुम्ही एकटे.

‘पेग’मधला समूहस्वर आठवतो. रेकॉर्डवर तो मायकेल मॅकडोनल्ड या दाढीवाल्या गायकाने गायलेला आहे, आपल्याच आवाजावर आपल्याच आवाजाचे थर चढवत. स्वर एकमेकांच्या इतके जवळ की मध्ये वाराही जाऊ नये. मंचावर ते काम तीन बायकांनी केलं. तिघींनी एकमेकींकडे न बघता, श्वाससुद्धा एकत्र घेतला. ‘होम ॲट लास्ट’ला मी ढोलवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो. हा ठेका मूळ बर्नार्ड पर्डीचा. ऐकणाऱ्याला मोठे ठोके ऐकू येतात, पण त्या दोन ठोक्यांच्या मध्ये डावा हात स्नेअरवर काठीचं टोक नुसतं टेकवत असतो. पंधराव्या रांगेत ते ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. मनगट जवळजवळ स्थिर, काठी चामड्यापासून बोटभर वर उठते आणि परत टेकते. तो हात थांबला असता तर काय बिघडलं हे कुणाला सांगता आलं नसतं, पण सहाशे माणसांच्या माना डोलायच्या थांबल्या असत्या. तबल्याला बसलेला चांगला माणूस ठेका भरतो म्हणतात, तो हाच प्रकार.

‘आय गॉट द न्यूज’बद्दल मला काही म्हणायचं नाही. सात भावंडांत एक अभ्यासात जेमतेम असतंच.

खरी मौज शीर्षकगीताला आली. ‘एजा’ हे गाणं आठ मिनिटांना थोडं कमी. मध्ये शब्द थांबतात आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन येतो. शॉर्टर म्हणजे माइल्स डेव्हिसच्या पंचकात वाजवलेला, पुढे ‘वेदर रिपोर्ट’ काढलेला, जॅझमधला थेट वरच्या पंगतीतला माणूस. त्याने स्टुडिओत येऊन त्या चालीवर त्या क्षणाला जे सुचलं ते वाजवलं. खाली स्टीव्ह गॅडचे ड्रम्स चवताळलेले. दोघे निघून गेले. त्या दिवशी शॉर्टरला पडसं असतं, किंवा जेवण उशिरा झालं असतं, तर वेगळं काही वाजलं असतं आणि आज तेच ‘अजरामर’ म्हणून लोकांच्या तोंडी असतं. पण जे वाजलं ते वाजलं, टेपवर उतरलं, आणि तेव्हापासून जगातल्या अनेक होतकरू सॅक्सोफोनवाल्यांनी ते कागदावर लिहून काढलं, खोलीचं दार लावून घोटलं. आमच्या समोरच्या माणसाने ते जसंच्या तसं वाजवलं. जिथे शॉर्टर दम घ्यायला थांबला तिथे हाही थांबला. दादाची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती आणि ओळीतल्या आणखी तिघांची चालत होती. एकाला सुचलेलं इतक्या जणांना पाठ!

मी गाणं संपल्यावर हळूच म्हटलं, “दादा, जॅझचं सगळं मर्म आयत्या वेळी सुचण्यात. मग हा स्वतःचं का नाही वाजवत?”

“तू बालगंधर्वांची पदं ऐकायला जातोस ना?” दादा म्हणाला. “कुणी मधली हरकत बदलली तर पुढच्या रांगेतले आजोबा काय करतात?”

आजोबा काय करतात ते मला माहीत आहे. आजोबा आधी मान हलवायची थांबवतात, मग शेजाऱ्याकडे बघतात, मग पानाचा डबा उघडतात. गंधर्वांना मात्र तीच हरकत रोज तशीच घ्यायचं बंधन नव्हतं. वन्स मोअर मिळाला की ते पद वेगवेगळ्या अंगांनी फिरवून दाखवीत, म्हणून तर नाटक पहाटेपर्यंत चाले. बंधन मागाहून आलेल्यांवर. रेकॉर्ड निघाली, लोकांनी ती झिजवली आणि गवयाची त्या दिवसाची लहर नातवंडांचा कायदा झाली.

जॅझ आणि नक्कल यांचं आपल्याकडेही जुनं नातं आहे. अल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ मुंबईत येऊन चिक चॉकलेट झाला, ताजमध्ये त्याचा बँड गाजला. तो लुई आर्मस्ट्राँगचा इतका भक्त की लोक त्याला मुंबईचा आर्मस्ट्राँगच म्हणत. असलं कौतुक कलावंताला बोचतही असेल. पण हाच ट्रंपेटवाला पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला, ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो, आणि पुणतांब्याच्या या संगीतकाराच्या चालींत न्यू ऑर्लिन्सचं वारं शिरलं. आर्मस्ट्राँगची नक्कल त्याने मन लावून केली नसती, तर ‘शोला जो भडके’वर आमच्या काकांनी लग्नात जो नाच केला, तो केला असता की नाही शंका आहे. अर्थात त्यामुळे कुटुंबाचं फार नुकसान झालं असतं असंही नाही.

पहिली बाजू ‘डीकन ब्लूज’ने संपते. हे गाणं उपनगरातल्या एका साध्या माणसाचं आहे. आयुष्यात विशेष काही जमलेलं नाही, पण त्याच्या मनात एकच चित्र आहे: आपण सॅक्सोफोन शिकू, मनाला येईल ते वाजवू, रात्रभर दारू पिऊ आणि ऐटीत बरबाद होऊ. फेगन हे कुठून शिकला ते सांगायला दादाला फार आवडतं, कारण ते त्याच्या घरापासून जवळच आहे. फेगन जन्मला पसेइकला, वाढला केंडल पार्कमध्ये, म्हणजे दादाच्याच मिडलसेक्स काउंटीत. एकसारख्या घरांची नवी वसाहत, पोराला ती सोसेना. रात्री अंथरुणात रेडिओ कानाला लावून न्यूयॉर्कहून येणारं जॅझ ऐकायचं, एवढाच मोकळा वारा. आज त्या भागात दर चौथ्या गॅरेजात दिवाळीचा आकाशकंदील खोक्यात ठेवलेला असतो. इथून बाहेर पडायला फेगनला जॅझ लागलं आणि आत यायला आपल्या लोकांना व्हिसा.

रेकॉर्डवर या गाण्यातला सॅक्सोफोन पीट क्रिस्टलीब याचा. तो टीव्हीवरच्या ‘टुनाइट शो’च्या बँडमध्ये रोज नोकरी करणारा. फेगन-बेकर यांनी त्याला तिथे ऐकला आणि बोलावला. तो कामावरून आला, अर्ध्या तासात वाजवून गेला. ज्यांना गिटारसाठी सहा-सात माणसं पुरली नाहीत त्यांनी याला मुकाट्याने मान दिली. आता मंचावरचा हा आमचा सॅक्सोफोनवाला पुढे आला. कार्यक्रमपत्रिकेत त्याची ओळख होती: दंतवैद्य. मनात हिशेब जुळेपर्यंत थोडा वेळ गेला. उपनगरातला, साठीचा, आठवडाभर लोकांच्या दाढा उपटणारा माणूस, शनिवारी रात्री सहाशे माणसांसमोर सॅक्सोफोन वाजवतोय; आणि ज्या गाण्यात वाजवतोय ते गाणं सॅक्सोफोन वाजवायचं स्वप्न बघणाऱ्या उपनगरातल्या माणसाचं! लिहिणाऱ्यांनी गाण्यातल्या नायकाची कीव केली की थट्टा, हे तेच जाणोत. त्यांच्या स्वभावाकडे बघता दोन्ही असावं. पण त्या नायकाने गाणं मनावर घेतलं होतं. क्लास लावला, शिकला, आणि ऐटीत बरबाद होण्याऐवजी दवाखाना सांभाळून आला होता. क्रिस्टलीबचेच स्वर, पण त्यात जो आनंद होता तो दंतवैद्याचा स्वतःचा. शेवटच्या उंच स्वराला त्याचे गाल, कपाळ आणि टक्कल एकाच लाल रंगाचं झालं आणि सगळं थिएटर उभं राहिलं. वहिनीही. मग कीबोर्डवाल्याने हवेतल्या हवेत एक मोठी तबकडी उचलली, काळजीपूर्वक उलटी केली, तिच्यावर फुंकर मारली आणि दुसरी बाजू सुरू झाली. या विनोदावर सर्वांत मोठ्याने दादा हसला.

पुढे खुद्द मालकांनीही हेच केलं, हे सांगितलं पाहिजे. फेगन आणि बेकर १९९३ साली पुन्हा दौऱ्यावर निघाले, आणि २००९च्या दौऱ्यात ठरावीक रात्री ‘एजा’ सबंधच्या सबंध, क्रमाने वाजवला. ड्रम्सवर कीथ कार्लॉक, गिटारवर जॉन हेरिंग्टन. १९७७च्या वऱ्हाडात हे दोघेही नव्हते. म्हणजे अस्सल स्टीली डॅनलासुद्धा स्वतःचा अल्बम मंचावर आणायला नवी माणसं पगारावर घेऊन जुनी गाणी शिकवावी लागली. तिकीट तेवढं महाग. २०१७ साली बेकर गेला, त्यानंतरही फेगन त्याच नावाने दौरे करत राहिला. दादाने तोही कार्यक्रम पाहिला आहे. या दोहोंत काय फरक, असं विचारलं तर तो बराच विचार करून म्हणाला, “तिथे फेगन होता. इथे चुका कमी होत्या.”

कार्यक्रम संपल्यावर लॉबीत वादक येऊन उभे राहिले, आणि दादा सरळ दंतवैद्यांकडे गेला. मला वाटलं आता शॉर्टरच्या सोलोबद्दल काही खोल बोलणं होणार. दादाने हात हातात घेतला आणि सांगितलं की त्यातला एक स्वर रेकॉर्डमध्ये जरा लांब आहे. दंतवैद्य चमकले. मग त्यांचा चेहरा उजळला. “तुम्हाला कळलं?” ते म्हणाले. “तेवढा एक मी माझ्या मनाने घेतो. दरवेळी.” दादाने त्यांच्याकडे, चक रेनीची फिरवलेली पाठ पकडलेल्या मालकाच्या नजरेने, नीट निरखून पाहिलं आणि तो स्वर चांगला की वाईट यावर दोघांची चर्चा सुरू झाली. मधूनच दंतवैद्य तोंडाने वाजवून दाखवत होते, दादा तोंडाने रेकॉर्ड वाजवत होता. अर्ध्या तासाने वहिनी म्हणाल्या, “यांना दाढेचं विचारायचंय ते राहूनच जाणार,” आणि गाडी आणायला गेल्या.